जुनं पायथन काढू नका, नवं शेजारी बसवा

पत्रातली अडचण थोडक्यात: पत्रलेखिका एका छोट्या कंपनीत एकट्याच डेव्हलपर आहेत. काही पॅथॉलॉजी लॅबची बिलं आणि रिपोर्ट त्यांच्या जँगो (पायथनमधली वेबसाइटची चौकट) अ‍ॅपवर चालतात. सगळं एकाच भाड्याच्या सर्व्हरवर आहे: उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २०.०४, पायथन ३.८, जँगो ३.२, पोस्टग्रेस (डेटाबेस) १२, दोन जीबी रॅम, एक कोअर. पीडीएफ रिपोर्टसाठी लागणाऱ्या लायब्ररीची नवी आवृत्ती पायथन ३.१० च्या खाली चालत नाही. शिवाय मालकांना जँगो ५.२ हवं आहे. एका शनिवारी रात्री त्यांनी पायथन ३.१२ चा सोर्स (मूळ कोड) सर्व्हरवरच कंपाइल केला (त्यातून चालणारा प्रोग्राम बांधला), ‘मेक इन्स्टॉल’ चालवलं आणि ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ वापरून ‘पायथन३’ हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवलं. त्यानंतर ‘एपीटी अपडेट’ (एपीटी म्हणजे उबुंटूचा पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) करताच ‘एपीटी_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही’ असा एरर आला. घाबरून त्यांनी नाव परत ३.८ कडे वळवलं. लॅब सकाळी सातला उघडतात. नवा सर्व्हर घ्यायला मालक तीन महिने थांबा म्हणतात. त्यांचा प्रश्न असा: जुनं पायथन पूर्ण काढून नवं नीट बसवू, की आहे तसंच चालू देऊ?

नमस्कार,

पुढचं वाचण्याआधी सर्व्हरवर एक गोष्ट तपासा, कारण त्या शनिवारचं काम अजून अर्धवट आहे. ‘टाइप -ए पायथन३’ चालवा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना नेहमीच्या अक्षरांत करा.) बहुधा दोन ओळी दिसतील: वर ‘/यूएसआर/लोकल/बिन/पायथन३’ आणि खाली ‘/यूएसआर/बिन/पायथन३’. वरची ओळ ‘मेक इन्स्टॉल’नं ठेवलेली आहे. सर्व्हर आधी ‘लोकल’मध्ये शोधतो, त्यामुळे तुम्ही नुसतं ‘पायथन३’ म्हटलंत की आजही ३.१२ उठतं. त्या जागेतली ‘पायथन३’, ‘पिप३’, ‘पायडॉक३’, ‘आयडल३’ आणि ‘पायथन३-कॉन्फिग’ एवढी नावं काढा. ‘/यूएसआर/लोकल/लिब’ मात्र सरसकट पुसू नका. ३.८ साठी पूर्वी कधी सुडोनं (अॅडमिनच्या अधिकारानं) पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) चालवलं असेल तर ती पॅकेजंही तिथेच असतात.

आता खालची ओळ. ‘एलएस -एल /यूएसआर/बिन/पायथन३’ म्हणा. उबुंटूनं दिलेल्या मूळ अवस्थेत हे नाव थेट ‘पायथन३.८’ कडे बोट दाखवतं. तुमच्याकडे ते ‘/ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज’ मार्गे जात असेल. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --रिमूव्ह-ऑल पायथन३’ चालवा आणि लगेच त्याच बैठकीत ‘एलएन -एसएफ पायथन३.८ /यूएसआर/बिन/पायथन३’. या दोन्हींच्या मध्ये चहाला उठू नका. पहिल्या कमांडनं हे नाव पूर्ण नाहीसं होतं, आणि त्यावर अवलंबून असलेलं सगळं तेवढा वेळ बंद पडलेलं असतं.

तो एरर का आला ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. ‘/यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस’ हे फोल्डर उघडा. तिथे ‘एपीटी_पीकेजी.सीपायथन-३८-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.एसओ’ अशा लांबलचक नावाची फाइल आहे. नावाच्या मध्यावर ‘३८’ लिहिलंय, तीच मेख. ही फाइल ३.८ साठी कंपाइल झालेली आहे आणि दुसऱ्या आवृत्तीला ती आपली वाटतच नाही. ‘एपीटी अपडेट’ संपता संपता एक छोटी पायथन स्क्रिप्ट चालते. तिच्या पहिल्या ओळीत ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ असं लिहिलेलं असतं. तिला ३.१२ मिळालं, ३.१२ ला फाइल दिसली नाही आणि एरर आला. म्हणजे तुमचं कंपाइल करणं चुकलं नव्हतं. नाव वळवणं चुकलं.

म्हणूनच पत्रातल्या ‘काढून टाकून नवं बसवू का’ या शब्दांपाशी मला थांबावंसं वाटतं. मोबाइलवरचं अ‍ॅप अपडेट केलं की जुनं जातं आणि त्याच जागी नवं येतं. सर्व्हरवरच्या पायथनला आपण नकळत तोच नियम लावतो. पण ‘/यूएसआर/बिन’मधलं ३.८ हे तुमच्या अ‍ॅपसाठी ठेवलेलं नाही, ते उबुंटूचं स्वतःचं हत्यार आहे. फायरवॉलचं यूएफडब्ल्यू, आपोआप सुरक्षा अपडेट लावणारं पॅकेज, क्लाउड-इनिट ही सगळी त्याच्यावर उभी आहेत. ‘एपीटी रिमूव्ह पायथन३’ म्हटलंत तर तोही इमानदारीत ही सगळी पॅकेजं काढायची यादी समोर ठेवेल. तिथे ‘वाय’ दाबायचं नाही, कधीच नाही. तुमच्या अ‍ॅपला हवं ते पायथन शेजारी, वेगळ्या जागी बसवा. दोन्ही एकमेकांच्या वाटेत न येता वर्षानुवर्षं राहू शकतात.

दुसरं गृहीतक मालकांचं आहे: पायथन नवं झालं की जँगो ५.२ चालेल. तसं होणार नाही. जँगो ५.२ ला पायथन ३.१० किंवा पुढचं लागतं हे खरं, पण त्याला पोस्टग्रेसही १४ किंवा पुढचं लागतं आणि तुमच्याकडे १२ आहे. तुम्ही रात्रभर जागून पायथन बसवलंत तरी जँगो डेटाबेसशी जोडताना ‘पोस्टग्रेस १४ हवं, १२ सापडलं’ एवढं सांगून थांबेल. तिसरी गोष्ट खुद्द उबुंटू २०.०४ ची. त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. पायथन ३.८ चा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि पोस्टग्रेस १२ चा नोव्हेंबर २०२४ मध्येच संपला होता. उबुंटू २४.०४ मध्ये पायथन ३.१२ आणि पोस्टग्रेस १६ मुळातच मिळतं, काहीही कंपाइल न करता. हे मालकांना याच क्रमानं सांगा: ५.२ चा रस्ता नव्या सर्व्हरवरून जातो. तीन महिने थांबायचं असेल तर त्या तीन महिन्यांत ५.२ मागू नका.

मग मधल्या काळात काय? पीडीएफची गरज खरी आहे आणि तिच्यासाठी एक त्रिकूट व्यवस्थित जमतं: पायथन ३.१२, जँगो ४.२ आणि तुमचं आहे तेच पोस्टग्रेस १२. जँगो ४.२ पायथन ३.८ वरही चालतं आणि ४.२.८ पासून ३.१२ वरही. म्हणजे तो दोन्ही काठांवर पाय ठेवणारा पूल आहे. त्याचाही सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतचाच, म्हणून तिथे मुक्काम करायचा नाही, फक्त ओलांडायचा. जँगो ३.२ मात्र पायथन ३.१० च्या पुढे अधिकृतपणे जात नाही. त्यामुळे क्रम ठरतो: आधी ३.८ वरच जँगो ३.२ चं ४.२ करा, आठवडाभर चालू द्या, मग पायथन बदला. दोन्ही एकाच रात्री बदललंत आणि सकाळी रिपोर्ट छापला गेला नाही, तर दोष कोणाचा हे शोधण्यातच सात वाजतील.

जँगोच्या या पायरीवर तीन ठिकाणी हमखास अडतं. जुन्या यूआरएल फाइलमधलं ‘यूआरएल()’ हे फंक्शन ४.० मध्ये गेलं, तिथे ‘री_पाथ’ लिहा. ‘यूगेटटेक्स्ट’ घराण्यातली नावंही गेली. आणि ‘सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स’ या सेटिंगमध्ये नुसतं डोमेन चालत नाही, पुढे ‘एचटीटीपीएस://’ लागतं. हे तिसरं विसरलं आणि अ‍ॅप एन्जिनएक्सच्या (पुढे उभ्या वेब सर्व्हरच्या) मागे असलं, तर लॉगिनचा फॉर्म ४०३ देतो आणि लॅबवाल्यांना वाटतं पासवर्ड चुकला.

आता कंपाइल. चालत्या सर्व्हरवर पुन्हा करू नका, माझा हा आग्रह आहे. दोन जीबी रॅममध्ये पोस्टग्रेस आणि गुनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर प्रोग्राम) आधीच बसलेले असतात. ‘--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स’ दिलं की पायथन आधी एकदा बांधलं जातं, मग स्वतःच्या चाचण्या चालवून मोजमाप घेतं, आणि मग पुन्हा बांधलं जातं. एका कोअरवर हे फार वेळ चालतं आणि शेवटच्या जोडणीत मेमरी झपाट्यानं वाढते. मेमरी संपली की कर्नल कोणती तरी प्रोसेस मारतो, आणि ती कंपायलरचीच असेल याची हमी नाही. पोस्टग्रेसचीही असू शकते. ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर हेच झालंय असं समजा.

लॅपटॉपवर डॉकरमध्ये ‘उबुंटू:२०.०४’ चा कंटेनर (वेगळं ठेवलेलं छोटं उबुंटू) उघडा आणि तिथे बांधा. आवृत्ती हीच हवी. २४.०४ वर बांधून २०.०४ वर नेलंत तर नवं ग्लिब्सी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) मागत ते सुरूच होणार नाही, कारण २०.०४ मध्ये ग्लिब्सी २.३१ आहे आणि २४.०४ मध्ये २.३९. लॅपटॉप एम-चिपचा मॅक असेल तर कंटेनर ‘एएमडी६४’ प्लॅटफॉर्म सांगूनच उघडा, नाहीतर सगळं एआरएमसाठी तयार होईल.

बांधण्याआधी ही पॅकेजं घाला: बिल्ड-इसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबबीझेड२-डेव्ह, लिबएलझेडएमए-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, यूयूआयडी-डेव्ह. टीके नको, सर्व्हरवर खिडक्या उघडायच्या नाहीत. सोर्सची फाइल पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि तिथे दिलेल्या चेकसमशी ताडून पाहा. मग:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/पायथन/३.१२ --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स --विथ-एलटीओ
मेक -जे४
मेक ऑल्टइन्स्टॉल

‘ऑल्टइन्स्टॉल’ नुसतं ‘पायथन३’ असं नाव तयारच करत नाही, फक्त ‘पायथन३.१२’ ठेवतं. शनिवारी एवढा एक शब्द वेगळा असता तर निम्मा गोंधळ टळला असता. आणि प्रीफिक्स स्वतंत्र का? कारण पायथनच्या सोर्समध्ये ‘मेक अनइन्स्टॉल’ नाही. सगळं एका फोल्डरमध्ये असलं की काढायचं म्हणजे ते एक फोल्डर पुसायचं. ‘--एनेबल-शेअर्ड’ तुम्हाला नको. ते अपाचेच्या मॉड-डब्ल्यूएसजीआयसारख्यांना लागतं. तुमच्याकडे ते दिलंत तर ‘लिबपायथन३.१२.एसओ.१.० उघडता येत नाही’ हा नवा एरर मात्र पदरात पडेल.

‘मेक’ संपताना स्क्रीनवर जे येतं ते वाचायचं, वर सरकू द्यायचं नाही. काही कमी असेल तर ‘या ऐच्छिक मॉड्यूलसाठी लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं आणि खाली नावं येतात. ‘मेक’ मात्र यशस्वी म्हणूनच संपतं, यातच सगळे फसतात. ‘_एसएसएल’ त्या यादीत असेल तर पिपला इंटरनेटवरून काहीच आणता येणार नाही. ‘_सीटाइप्स’ असेल तर लिबएफएफआय-डेव्ह राहिलं. ‘_एसक्यूलाइट३’ असेल तर जँगोच्या टेस्ट एसक्यूलाइटवर चालवणाऱ्यांची पंचाईत होते. राहिलेलं पॅकेज घातल्यावर नुसतं ‘मेक’ पुरत नाही. शोधाशोध ‘कॉन्फिगर’ करतं, म्हणून ‘मेक क्लीन’ करून पुन्हा तिथूनच सुरू करा. सगळं झाल्यावर ‘पायथन३.१२’ उघडून एसएसएल, सीटाइप्स, बीझेड२, एलझेडएमए, झेडलिब, एसक्यूलाइट३ आणि यूयूआयडी ही सात मॉड्यूल एका ओळीत इम्पोर्ट करून पाहा. एकही कुरकुर नाही आली की ‘/ऑप्ट/पायथन/३.१२’ चा टार (एकच गठ्ठा फाइल) करा आणि सर्व्हरवर अगदी त्याच जागी सोडा. तिथे हीच सात नावं पुन्हा इम्पोर्ट करा. काही अडलं तर त्या मॉड्यूलच्या ‘.एसओ’ फाइलवर ‘एलडीडी’ चालवा. ज्या लायब्ररीपुढे ‘नॉट फाउंड’ दिसेल ती सर्व्हरवर बसवायची.

ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) वेगळं कंपाइल करण्याच्या वाटेला तुम्ही जाऊ नका. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा पुढचं लागतं आणि २०.०४ मध्ये १.१.१ आहेच. सेंटओएस ७ (दुसरं एक लिनक्स) वाल्यांना मात्र इथेच ठेच लागते, तिथे १.०.२ आहे. ते एपेल या जादा पॅकेजांच्या साठ्यातलं ‘ओपनएसएसएल११’ वापरू शकतात, तरी त्यांनीही आधी सर्व्हरच बदलावा. सेंटओएस ७ जून २०२४ मध्ये संपलं.

जुनं व्हेन्व (पायथन पॅकेजांचं वेगळं फोल्डर) कॉपी करून नव्याला देता येत नाही. त्यात ‘लिब/पायथन३.८’ असं फोल्डर आहे आणि आतल्या कंपाइल झालेल्या फाइलींच्या नावात तोच ‘३८’ आहे. जुन्यातून ‘पिप फ्रीझ’ काढा आणि ‘/ऑप्ट/पायथन/३.१२/बिन/पायथन३.१२ -एम व्हेन्व’ वापरून शेजारी नवं करा, समजा ‘व्हेन्व३१२’. यादी जशीच्या तशी बसणार नाही, ही तयारी ठेवा. सायकोपीजी२-बायनरीची (पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) ३.१२ साठीची तयार बांधणी २.९.९ पासून मिळते. त्याहून जुनी आवृत्ती धरून ठेवली असेल तर पिप ती कंपाइल करायला जाईल आणि ‘पीजी_कॉन्फिग सापडत नाही’ म्हणून थांबेल. पिलोचंही (चित्रांची लायब्ररी) तसंच, आवृत्ती वाढवा. ‘डिस्टयूटिल्स’ (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) ३.१२ मधून पूर्ण काढलं गेलं आणि नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स (त्याची जागा घेणारं पॅकेज) आपोआप येत नाही. त्यामुळे एखादी जुनी लायब्ररी ‘पीकेजी_रिसोर्सेस नाही’ म्हणेल. तात्पुरता उपाय सेटअपटूल्सची ८१ च्या आधीची आवृत्ती घालण्याचा, कायमचा ती लायब्ररी बदलण्याचा. शेवटी ‘पिप चेक’, आणि तुमच्या टेस्ट ‘-डब्ल्यू डिफॉल्ट’ लावून. ज्या इशाऱ्यांत ३.१३ किंवा ३.१४ असं लिहून येईल ते वहीत उतरवून ठेवा, पुढच्या सर्व्हरवर उपयोगी पडतील.

बदलाची खरी घडी आता येते आणि ती एका ओळीची असते. गुनिकॉर्नच्या सिस्टमडी (सर्व्हरवरच्या सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम) फाइलमधली ‘एक्झेकस्टार्ट=’ ही ओळ ‘/एसआरव्ही/अ‍ॅप/व्हेन्व/बिन/गुनिकॉर्न’ असं सांगत असेल. तिथे ‘व्हेन्व३१२’ करा, ‘डेमन-रीलोड’, ‘रीस्टार्ट’. बिघडलं तर तीच ओळ मागे. जुनं व्हेन्व निदान महिनाभर पुसू नका. सेलरी (मागे कामं करणारा प्रोग्राम) असेल तर त्याचीही ओळ त्याच वेळी बदला. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘पायथन३ मॅनेज.पीवाय’ असं लिहिलेलं असेल तर तिथे व्हेन्वमधल्या पायथनचा पूर्ण रस्ता लिहा. क्रॉनला तुमच्या टर्मिनलमधलं वातावरण मिळत नाही, आणि रात्रीचा रिपोर्ट मेल गेला नाही हे चार दिवसांनी कळतं. बदलाआधी ‘पीजी_डंप -एफसी’ नं डेटाबेसचा बॅकअप घ्या, तो सर्व्हरबाहेर ठेवा आणि एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा.

कंपाइल न करताही पायथन मिळतं, ते रस्तेही तोलून बघा. डेडस्नेक्सचा पीपीए (उबुंटूसाठी तयार पायथन देणारा बाहेरचा साठा) सोयीचा, पण तो चालू सपोर्ट असलेल्या उबुंटूसाठी आहे, संपलेल्या २०.०४ साठी त्यावर विसंबू नका. २२.०४ वर असलेल्या वाचकांनी तो जरूर वापरावा. पायएन्व्ह (पायथनच्या आवृत्त्या बसवणारं साधन) आतून कंपाइलच करतं, म्हणजे वरची सगळी पॅकेजं लागतातच. यूव्ही (असंच दुसरं साधन) तयार बांधलेलं पायथन काही सेकंदांत उतरवतं, आणि तुमच्या जागी असलेल्या बहुतेकांना मी तेच सुचवेन. फक्त ते रूट म्हणून चालवलंत तर पायथन ‘/रूट’च्या आत बसतं. तुमची सर्व्हिस वेगळ्या युजरनं चालते, तिला तिथे शिरता येत नाही आणि सिस्टमडी ‘२०३/एक्झेक’ म्हणून थांबतं. ‘यूव्ही_पायथन_इन्स्टॉल_डीआयआर’ मध्ये ‘/ऑप्ट/पायथन’ दिलं की ही अडचण येत नाही. यात ओपनएसएसएल पायथनच्या आतच बांधलेलं असतं, त्यामुळे त्याची दुरुस्ती हवी असेल तर पायथनच पुन्हा उतरवायचं.

सोर्सची खरी किंमत इथेच आहे. एपीटीनं बसवलेल्या पायथनची काळजी उबुंटू घेतं. तुम्ही बांधलेल्याची काळजी तुमची. ३.१२ ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतील, पण त्या केवळ सोर्सच्या रूपात, आणि प्रत्येक वेळी कंटेनर उघडून तुम्हालाच बांधायच्या. म्हणून वरच्या कमांड डॉकरफाइलमध्ये लिहून गिटमध्ये ठेवा. पायथन नवं झालं तरी खालचं ओपनएसएसएल जुन्या उबुंटूचंच राहतं, आणि त्याला दुरुस्त्या येणं थांबलंय. त्यासाठी उबुंटू प्रो लावता येतं, २०.०४ ला ते २०३० पर्यंत सुरक्षा अपडेट देतं. वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे, कंपनीच्या सर्व्हरसाठी त्याचा दर मालकांपुढे ठेवा. नव्या सर्व्हरच्या तीन महिन्यांच्या भाड्याशी ताडून बघितलं की थांबण्यात किती वाचतंय हे त्यांनाही दिसेल. जुना आणि नवा सर्व्हर दोन आठवडे बरोबरीनं चालवायचे हेही त्याच कागदावर लिहा. पोस्टग्रेस १२ मधून १६ मध्ये डेटा नेण्याची तालीम एकदा तरी व्हायला हवी.

आणि शनिवारची रात्र नको. लॅब रविवारी किती वाजता बंद होतात ते विचारून घ्या, त्यानंतरचा अर्धा तास मागा, आणि बदल झाल्यावर एका लॅबला फोन करून त्यांच्याच काउंटरवरून एक बिल आणि एक पीडीएफ रिपोर्ट काढायला सांगा.